शनिवारचा हिरवा ठिपका

अडीच वर्षं दर शनिवारी सकाळी सव्वादहाला मी चहाचा दुसरा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसत होतो आणि एका हिरव्या ठिपक्याची वाट बघत होतो. बेचाळीस वर्षांच्या माणसाला शनिवारी सकाळी कामं काही कमी नसतात. भाजी आणावी, केस कापून यावेत, पुण्याला आईला फोन करून तिची बोलणी खावीत. मी ठिपक्याची वाट बघायचो.

ठिपका उगवायचा माझ्याच सर्व्हरच्या पानावर. सर्व्हर म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. के. आर. पुरमच्या माझ्या फ्लॅटमध्ये, चपलांच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, एक जुना कॉम्प्युटर चोवीस तास घुरघुरत असतो. त्याच्यात गाणी आहेत, सिनेमे आहेत, फोटो आहेत आणि घरी काढलेले सगळे व्हिडिओ आहेत. टीव्हीवर नाहीतर फोनवर हवं ते लावा आणि बघा. कुठल्या कंपनीची वर्गणी नाही आणि आपल्या घरात डोकवायची कुठल्या कंपनीला सोय नाही. कोण काय बघतंय ते फक्त मालकाला, म्हणजे मला, एका पानावर दिसतं. बघणाऱ्याचं नाव, पुढे हिरवा ठिपका आणि चालू असलेल्या व्हिडिओचं नाव.

शनिवारी सव्वादहाला, पाच मिनिटं इकडे किंवा तिकडे, तिथे यायचं: मुग्धा. हिरवा ठिपका. 'बाबा, बाजार'.

मुग्धा माझी बायको. होती, असं म्हणायला पाहिजे. कागदोपत्री दीड वर्षापासून नाही, आणि या घरात अडीच वर्षांपासून नाही. ती पुण्याला नोकरी धरून गेली आणि मी इथेच राहिलो. भांडण असं मोठं काही झालंच नाही. झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

बाबा म्हणजे तिचे वडील, पद्मनाभराव. नागपूरच्या सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. नागपूरचं ऊन चुकवायला ते आणि मुग्धाची आई दर एप्रिलमध्ये आमच्याकडे बेंगळुरूला यायचे आणि जूनमध्ये परत जायचे. तीन उन्हाळ्यांत बाबांनी कन्नडचे जेमतेम दोन शब्द कमावले. 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि 'सरी', म्हणजे बरं. तेवढ्यावर ते अख्खा बाजार फिरायचे. तो व्हिडिओ त्याचाच आहे, अकरा मिनिटांचा. बाबा दुधीवाल्या बाईला म्हणतात, "अक्का, स्वल्प कम करो." ती कन्नडमध्ये त्यांना चांगलं खडसावते. बाबा मान डोलावून "सरी, सरी" म्हणतात आणि एक अक्षर न कळता दोन दुधी घेतात. मागे मुग्धाची आई पिशवीचं तोंड उघडून उभी. "घरी दुधी कोणी खात नाही, आणि तुम्ही दोन-दोन काय घेऊन राहिलात?" मुग्धा हसता हसता खाली बसते, भर बाजारात, कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी. मी कुठेच दिसत नाही, कारण कॅमेरा माझ्या हातात आहे. नवव्या मिनिटाला फक्त माझा आवाज येतो. "बाबा, इकडे बघा." आणि बाबा बघतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबा गेले. त्यांचा चालता-बोलता असा तो शेवटचा व्हिडिओ.

म्हणून मुग्धा तो बघते हे मला पटण्यासारखं होतं. ठिपका दिसला की मी माझ्या टीव्हीवर तोच व्हिडिओ लावायचो, तिच्या मिनिटाला माझं मिनिट जुळवून. ती तिकडे, मी इकडे, आणि दुधीवाली दोघांच्या मध्ये. तिची आठवण येते असं मी कुणाला बोललो नाही, पण येते. भांडी घासताना येते, मेट्रोत उभं असताना येते, आणि शनिवारी तर येण्याची वेळच ठरलेली होती. ती अकरा मिनिटं मी आठवडाभर पुरवून वापरायचो.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगतो, म्हणजे माझा गाढवपणा नीट कळेल. इंदिरानगरच्या एका ऑफिसात बसून मी दुसऱ्यांच्या कंपन्यांचे कॉम्प्युटर सुरक्षित आहेत की नाही ते तपासतो. कुठलं दार उघडं राहिलंय, कुणाचा पासवर्ड कच्चा आहे, कोण कुठून आत येतंय. त्या कामाची सवय मी घरी घेऊन यायचो. घरातल्या वायफायचा पासवर्ड दर महिन्याला बदलायचा. पाहुण्यांसाठी वायफाय वेगळं. टीव्ही लावायलासुद्धा फोनवर आलेला नंबर टाकायचा. बाबा एकदा जेवताना म्हणाले होते, "या जावयाच्या घरी पाणी मागितलं तरी ओटीपी येईल." आम्ही सगळे हसलो होतो. पुढे पुढे मुग्धा हसेनाशी झाली. जायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरता भरता म्हणाली, "तुझ्याकडे सगळं सुरक्षित असतं, अवधूत. पण तिथपर्यंत पोचताना माणूस दमतो." ती चिडून म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली.

जाताना तिने एकच गोष्ट मागितली, बाबांचे व्हिडिओ. एका पेनड्राइव्हमध्ये बसले असते, अर्ध्या तासाचं काम. ते मी केलं नाही. म्हणालो, "कॉपी हरवते, खराब होते. तुला सर्व्हरवर तुझं खातं आहेच, जगात कुठूनही बघ." आणि त्यासाठी जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. घरचा सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकला. आमच्या भाषेत त्याला पोर्ट उघडणं म्हणतात. साध्या भाषेत रस्त्यावरून सरळ घरात येणारं दार. मध्ये कुलूप एकच, तिचा पासवर्ड. तिला सोपं जावं म्हणून केलं असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की पेनड्राइव्ह दिला असता तर ती तो पर्समध्ये टाकून गेली असती, आणि तिथे सगळं संपलं असतं. मला ते संपवायचं नव्हतं.

आणखी एक सांगायला पाहिजे. त्या पानावर नावाशेजारी एक बारीक बाण असतो. तो दाबला की माणूस कुठल्या गावातून बघतोय, फोनवर की टीव्हीवर, ते कळतं. मी तो बाण अडीच वर्षांत एकदाही दाबला नाही. समजा पुणे दिसलं, तर ठीक. पण दुसरंच शहर दिसलं, दुसऱ्याच कुणाचा टीव्ही दिसला, तर त्या माहितीचं मी करणार काय होतो? विभक्त बायकोच्या मागावर राहणं बरं नाही, असं म्हणून मी त्याला सभ्यपणा म्हणायचो. ती भीती होती.

मग तो बुधवार आला. मी घरून काम करत होतो. दुपारी दीडला डाळ-भात घेऊन बसलो आणि सहज ते पान उघडलं, तर मुग्धाच्या नावापुढे ठिपका. बुधवारी! माझा हात ताटातच राहिला. 'बाबा, बाजार' नव्हता. आमच्या लग्नाआधीच्या सहलीचा व्हिडिओ चालू होता. मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण मला वाटलं, तिला माझी आठवण आली. चार सेकंदांनी ती पुढच्या व्हिडिओवर गेली. मग त्याच्या पुढच्या. चार सेकंद, पाच सेकंद, की पुढे. 'उटी'. 'उत्तप्पा प्रयोग'. 'ऊस गुऱ्हाळ'. आठवणी कुणी अशी अकारविल्हे बघत नाही.

मी बाण दाबला. मुग्धाचं कुणीही राहत नाही अशा एका लांबच्या देशाचं नाव आलं.

उठलो, चपलांचं कपाट उघडलं आणि सर्व्हरची तार उपटली. दोन बूट डोक्यावर पडले. नंतर तपासलं तेव्हा कळलं की चोराने काही पुसलं नव्हतं, काही बिघडवलं नव्हतं. नुसतं एकेक दार उघडून बघत चालला होता, मुग्धाचं नाव लावून.

ऑफिसातल्या शिवकुमारला फोन केला. शिवकुमार निपाणीचा आहे. मराठी आणि कन्नड एकाच श्वासात बोलतो आणि सगळ्या ऑफिसात अकलेने मला जड आहे. सगळं ऐकून तो म्हणाला, "अण्णा, पोर्ट उघडं ठेवलंतास? तू?"

"घरातल्या माणसांसाठी."

"घरात तर तू एकटाच की रे."

दार कुणासाठी उघडं होतं ते त्याला समजलं असावं. "सरी," तो म्हणाला, "पासवर्ड दुसऱ्या कुठल्यातरी साइटवरनं फुटला असणार, आणि तोच हिकडं चालला. बंद कर ते दार आधी. व्हीपीएन लाव. ज्यांना बघायचंय त्यांना स्वल्प त्रास होऊ दे."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कंपन्यांना जे सांगायचे मला पैसे मिळतात तेच मला फोनवर फुकट ऐकून घ्यावं लागलं. मुग्धाची सवय मला माहीत होती, एकच पासवर्ड सगळीकडे. तरी मी तिच्या दाराला दुसरं कुलूप लावलं नव्हतं. तिला त्रास नको म्हणून.

संध्याकाळपर्यंत दार बंद केलं. व्हीपीएन म्हणजे सर्व्हरपर्यंत यायला एक खासगी बोळ. बघणाऱ्याने आपल्या टीव्हीवर एक अ‍ॅप घ्यायचं, माझ्याकडून एक नंबर घ्यायचा, तो टाकला की बोळाचं फाटक उघडणार. मी नंबर दिल्याशिवाय कुणी आत येणं शक्य नव्हतं. हे करताना मी शीळ घालत होतो. मुग्धाला बघायचं तर आता तिला मला फोन करावा लागणार होता. चोराने माझं बरंच भलं केलं असं त्या संध्याकाळी मला वाटत होतं.

पासवर्ड फुटल्याचं तिला कळवणं तर माझं कर्तव्यच होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मला निमित्त हवंच होतं. चार वेळा लिहून पुसलं आणि शेवटी पाठवलं: 'तुझा पासवर्ड फुटलाय. सगळीकडचा बदल. सर्व्हरवर शिरायची पद्धतही बदलली आहे, बघायचं असेल तर सांग, मी समजावतो.'

उत्तर दहा मिनिटांत आलं. 'बरं झालं सांगितलंस, बदलते. तिथलं माझं खातं काढून टाकलंस तरी चालेल. मी ते कधी वापरलंच नाही. काळजी घे.'

मी ते उत्तर पुष्कळदा वाचलं. कधी वापरलंच नाही. तिने ते मला लागावं म्हणून लिहिलं नव्हतं. तिला तसं लिहिता येत नाही. तिने नुसतं खरं लिहिलं होतं.

आधी मनात आला तो चोरच. अडीच वर्षं दर शनिवारी चोरच येत होता की काय? मी जुन्या नोंदी काढल्या आणि एकेका शनिवारचा बाण दाबत गेलो. नागपूर, टीव्ही. नागपूर, टीव्ही. नागपूर, टीव्ही. शंभरावर शनिवार आणि एकही वेगळा नाही. नागपूरला मुग्धाचं माहेर आहे, तिथे आता एकच माणूस राहतं.

मुग्धाने तेव्हाच नागपूरला जाऊन आईच्या टीव्हीवर आपल्या नावाने ते लावून दिलं असणार आणि विसरून गेली असणार. दुसऱ्यांच्या नोंदी वाचून मी पोट भरतो आणि स्वतःच्या घरातली एक ओळ मी अडीच वर्षं वाचली नव्हती.

गुरुवार-शुक्रवार कसे गेले सांगत नाही. कामावर गेलो, आलो. मी शंभर सकाळी जिच्या शेजारी बसलो होतो ती तिथे कधी नव्हतीच. एखादा माणूस गेला की त्याचं जाणं एकदाच होतं असं मी समजत होतो. मुग्धा या घरातून अडीच वर्षांपूर्वी गेली, आणि त्या बुधवारी परत एकदा गेली.

शनिवार उजाडला. सवयीने सव्वादहाला बसलो. पान कोरं होतं. कोरं असणारच होतं, दार मीच बंद केलं होतं. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ते मी नेमकं कुणासाठी बंद केलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी. चोराला जगात दुसरी हजार घरं होती. मुग्धाच्या आईंना बाबांची अकरा मिनिटं दुसरीकडे कुठेच नव्हती, कारण कॉपी मी दिली नव्हती.

कौशल्याबाई, म्हणजे मुग्धाची आई, मी त्यांना आईच म्हणायचो. वय अडुसष्ट. आता त्या टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसल्या असतील, पडद्यावर काहीतरी इंग्रजीत येत असेल, आणि त्या परत परत तेच बटण दाबत असतील. मुलीला सांगणार नाहीत, कारण मुलीपुढे माझं नाव काढायचं नाही हे त्यांनी ठरवलं असणार. मला तर त्या फोन करणारच नाहीत. घटस्फोट नवरा-बायकोचा होतो. सासू-जावयाचा वेगळा होत नाही, तो त्यातच धरलेला असतो. पहिल्या दिवाळीला त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. मी काय नात्याने करणार होतो?

दहा वाजून चाळीस मिनिटांनी केला.

"आई, मी अवधूत."

मागे कुकरची एक शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "बोल."

"टीव्हीवर लागत नसेल ना आज?"

"नाही लागून राहिलं." त्या घाईने पुढे म्हणाल्या, "मला वाटलं तू बंद केलं. बरोबर आहे रे तुझं. किती दिवस ठेवशील तू तरी."

"मुद्दाम नाही केलं आई. चोर शिरला होता कॉम्प्युटरमध्ये."

"अगं बाई! काय नेलं?"

"काही नाही. नुसतं बघून गेला."

"म्हणजे आमच्या यांना दुधी घेताना बघितलं असेल त्याने."

"तिथपर्यंत पोचला नव्हता तो. उसाच्या गुऱ्हाळापर्यंत आला होता."

त्या हसल्या. ते हसू मी तीन उन्हाळे ऐकलेलं होतं. मुग्धाचं हसू त्यातूनच आलंय हे मला त्या क्षणी ऐकू आलं, आणि मला फोन कानापासून जरा लांब धरावा लागला.

"तुम्ही दर शनिवारी बघता तो व्हिडिओ?" मी विचारलं.

"बघते कसली, तोंडपाठ आहे तो मला. लावते."

"म्हणजे?"

"मुग्धाने हे लावून दिलं ना टीव्हीवर, तेव्हा म्हणाली होती, आई, जपून, तू काय बघतेस ते अवधूतला तिकडे दिसतं. मी म्हटलं, बरं आहे की. फोन तर काही करता येत नाही आता. काय म्हणून करू? शनिवारी तू घरी असतोस. उशिरा उठतोस, तुझा दुसरा चहा व्हायला सव्वादहा होतात, मला काय माहीत नाही? म्हणून तेव्हा लावायची. म्हटलं, दिसेल त्याला. समजेल, म्हातारी आहे अजून." मग हळूच विचारलं, "दिसायचं ना रे तुला?"

"दिसायचं आई. एकही शनिवार चुकला नाही."

तिथे नाव कुणाचं यायचं ते मी त्यांना सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. दोन माणसं अडीच वर्षं एकाच वेळी एकच व्हिडिओ लावून बसत होती. एक दुसऱ्यासाठी लावत होतं आणि दुसरं तिसऱ्याची वाट बघत होतं. माझ्या हातून नकळत का होईना पण ज्यांचा इतका अपमान झाला, त्यांच्यासाठी एक गोष्ट सरळ करायची असं मी ठरवलं. अडीच वर्षांपूर्वी जी करायला हवी होती तीच.

"आई, मी एका पेनड्राइव्हवर बाबांचे सगळे व्हिडिओ घालून पाठवतो. टीव्हीच्या मागे खोचायचा, की झालं. पासवर्ड नको, इंटरनेट नको, माझा सर्व्हर बंद पडला तरी चालेल. यात चोर येऊच शकत नाही. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात सुरक्षित."

मला वाटलं त्या खूश होतील. कुकरची दुसरी शिट्टी झाली, आणि त्यांनी उठून गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"आणि मग तुला कसं दिसेल?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"मी लावलेलं. पेनड्राइव्हवर लावलं तर तुला तिकडे दिसेल का?"

"नाही दिसणार."

"मग नको." त्यांनी असं म्हटलं की पुढे वाद नाही. "पाठव तू, जपून ठेवीन मी कपाटात, यांच्या घड्याळाबरोबर. पण लावायचं तुझ्याकडूनच. दुसरा काही रस्ता नाही का?"

"एक आहे. पण तो अवघड आहे हो. अ‍ॅप घ्यायचं, नंबर टाकायचा, मग फाटक उघडणार. मुग्धासुद्धा कंटाळायची असल्या गोष्टींना."

"मला काय घाई आहे? सांग तू. चष्मा घेऊन येते."

एक तास लागला. फोन स्पीकरवर ठेवून त्या टीव्हीसमोर बसल्या आणि पडद्यावरचं एकेक इंग्रजी अक्षर मला वाचून दाखवत राहिल्या. दोनदा चुकीचं अ‍ॅप आलं, एकदा टीव्हीच बंद झाला. पुण्यातल्या, बेंगळुरूतल्या मोठ्या मोठ्या साहेबांना मी हे शिकवलंय आणि दहाव्या मिनिटाला त्यांचा धीर सुटलेला पाहिलाय. आई मध्येच एकदा पाणी पिऊन आल्या, एवढंच. इकडे मी मुग्धाचं खातं काढून टाकलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. मग नवीन खातं उघडलं आणि नावाच्या जागी 'आई' लिहिलं.

शेवटी त्यांना सहा आकडी नंबर दिला. त्यांनी तो मोठ्याने म्हणत टाकला. माझ्या पानावर हिरवा ठिपका आला आणि नावापुढे 'बाबा, बाजार'. फोनमधून नागपूरच्या टीव्हीचा आवाज यायला लागला. "अक्का, स्वल्प कम करो." आम्ही दोघं ऐकत राहिलो, "बाबा, इकडे बघा"पर्यंत.

"दिसतंय?" आईंनी विचारलं.

"दिसतंय."

"हे म्हणायचे ते खरं झालं बघ. जावयाच्या घरी पाणी मागितलं तरी ओटीपी." 'जावई' हा शब्द त्यांच्या तोंडून सवयीने गेला होता. तो ऐकू आला नाही असं सोंग मी केलं नाही.

"आता हा नंबर एकदा टाकला की झालं ना रे? की परत लागतो?"

माझ्यासमोर पडद्यावर एक चौकट होती. ही परवानगी किती दिवस चालेल, असं त्यात विचारलं होतं. शिवकुमार असता तर म्हणाला असता, टीव्ही ओळखीचा झाला, आता वर्षभर बघायला नको.

"परत लागतो आई," मी म्हणालो. "दर शनिवारी नवीन. मला फोन करून घ्यावा लागेल."

"इतकं कडक?"

"सुरक्षेसाठी."

"बरं," त्या म्हणाल्या. "सव्वादहाला करते."

मी चौकटीत सात लिहिलं.